रेघेबाहेरचा नंदी

येडशी
३ जानेवारी २०२५

ती. आत्यास शिवप्रियाचा शरणार्थ.

सोबतचं कापड आधी हातात घ्या, मग पत्र वाचा. फोटो पाठवला होता, पण फोटोत सगळं इस्त्री केल्यासारखं दिसतं म्हणालात. आणि बोलायचं म्हटलं, तर तुमच्या कानातल्या यंत्रामुळं फोन शिट्ट्या मारतो. म्हणून हा पत्रांचा उद्योग. तुमच्या गावचे महांतप्पा धान्याच्या कामानं धाराशिवच्या मोंढ्यात येतात, ते मुरूमला परतताना पिशवी तुमच्या हातात देतील. वाटेत उघडून बघू नका असं त्यांना सांगितलंय, म्हणजे ते बघणारच.

वेळा अमावस्येची येळवस छान झाली. भज्जी-भाकरी खाऊन सगळे शेतातच कडब्याच्या सावलीला आडवे झाले होते आणि बोलता बोलता माझ्या नणंदेच्या, शिवानीच्या लग्नाची गोष्ट निघाली. तेरचा समर्थ तुम्हाला माहीत आहे. तारीख पक्की झाली, महाशिवरात्र झाली की दोन मार्चला. मी आंबिलाचा पेला हातात धरून बोलून गेले, "अंतरपाट मी करते. दोघांची नावं घालून."

मग सासूबाईंचे भाऊ, अमरनाथमामा म्हणाले, "अगं, पुण्याला तयार मिळतो. नावं सांगायची, घरपोच येतो. तू कशाला डोळे फोडतेस?" सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बघू."

त्यांचं 'बघू' तुम्ही ऐकलेलं नाही. मला बघायला आल्या होत्या तेव्हाही जाताना एवढंच म्हणाल्या होत्या, आणि बाबांना आठ दिवस झोप नव्हती.

आत्या, दिवाळीत तुम्ही तुमची भरतकामाची मशीन मला दिलीत, तेव्हापासून ती मागच्या खोलीत आहे. पण मी मशीन सुरू केली की सासूबाई उठून अंगणात जातात. या घरात मशीन शोभेची नाही, घराचं काम तिच्यावर होतं, एवढं त्यांनी एकदा बघावं असं मला फार वाटतं. म्हणून अंतरपाट.

आणि झालंय ते हे असं. मध्ये बसलेला नंदी, भोवती बेलाच्या पानांची वेल, खाली नावं. नंदीचं अंग पांढऱ्या दोऱ्यानं छान भरलं जातं. शेवटी काळी रेघ येते आणि सगळा घोळ होतो. पाठीची रेघ पाठीच्या वर तरंगते, पोटाची रेघ पोटात शिरते. आणि भोवती चुण्या, मागून कुणीतरी कापड मुठीत धरल्यासारख्या. आमचे हे, विरेश म्हणाले, "नंदीनं थोरल्या भावाचा सदरा घातलाय काय?" मी हसले नाही.

सुई नवी घातली. बॉबिनच्या खालची घाण काढली. चूक माझी की मशीनची, तेवढं सांगा.

तुमची
शिवप्रिया


मुरूम
९ जानेवारी २०२५

चि. शिवप्रियास उमाआत्याचे अनेक आशीर्वाद.

महांतप्पांनी पिशवी दिली आणि म्हणाले, "अक्का, बैल जरा सुजलाय." बघितलेलं लपवायची पद्धतसुद्धा नाही माणसाला.

मशीनची चूक काय म्हणून विचारलंस! अगं, ती माझ्याकडं होती तेव्हा तिनं अख्ख्या मुरूमच्या नवरदेवांचे शेले आणि नवरींचे ब्लाउज सरळ रेघेत भरले. येडशीचं पाणी लागलं म्हणून बिघडेल अशी ती नाही.

आता नीट ऐक. भरीव टाका कापडाला आत ओढतो. शेकडो टाके एकाच दिशेनं ओढायला लागले, की कापड बिचारं जागा सोडतं. मशीनला ते कळत नाही. नंदी जिथं असायला हवा होता, तिथंच ती रेघ मारते. म्हणजे रेघ चुकत नाही, खालचा नंदी सरकलेला असतो. म्हणून आपलं सगळं काम एकच, कापडाला हलू न देणं.

तू फ्रेममध्ये कापड फार ताणतेस, हे मला चुण्यांवरून दिसतंय. नवीन माणूस नेहमी तेच करतं, टिचकी मारल्यावर हलगीसारखं वाजलं पाहिजे म्हणतं. ताणलेलं कापड फ्रेममधून सुटलं की परत आपल्या जागी येतं, आणि टाके येत नाहीत, मग चुणी पडते. कापड सपाट ठेव, स्क्रू आवळ, आणि आवळल्यावर कडेनं ओढायचं नाही. हात पाठीमागं बांधून उभी राहा पाहिजे तर. कापडाखाली आधाराला लावतो तो पेपर फ्रेमच्या बाहेर चारी बाजूंनी यायला हवा, तू तो वाचवलेला दिसतोय. वेग कमी कर. आणि ज्यानं मशीनसाठी नक्षीची फाइल करून दिली त्याला म्हणावं, सगळ्या रेघा शेवटी ठेवू नको. नंदी भरला की लगेच नंदीची रेघ, मग पानं, मग पानांची रेघ.

सगळ्यात महत्त्वाचं, कापड कोरं आहे, त्यात खळ आहे. आधी पाण्यातून काढ, सावलीत वाळव. आकसायचं ते आधीच आकसू दे.

नंदीवर खडूच्या खुणा राहिल्यात. काम झाल्यावर पुसत जा, गिऱ्हाइकाला तेच आधी दिसतं.

सासूबाई अंगणात जातात तर जाऊ दे. आपल्या कानडीत म्हणतात तसं, होगली. मशीनचा आवाज सगळ्यांना सोसत नाही.

आत्या


येडशी
१७ जानेवारी २०२५

ती. आत्यास शरणार्थ.

तुम्ही सांगितलेलं सगळं केलं, एक सोडून. कापड पाण्यातून काढायचं म्हणून बादली घेतली, तर सासूबाई म्हणाल्या, "अंतरपाट कोराच पायजे. पाण्याचा थेंब लागलेला चालत न्हाय आपल्यात." मग मी बादली ओतून दिली. यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

बाकी सगळं मात्र तंतोतंत. फाइल करून देणाऱ्यांकडून रेघांचा क्रम बदलून आणला. पेपर दुहेरी घातला. ताण अजिबात दिला नाही, हात खरंच मागं बांधले होते.

आता गंमत ऐका. त्याच ताग्यातला एक तुकडा दुपारी लावून बघितला. नंदी असा देखणा आला की मी त्याचा मुकाच घेतला. रेघ अंगाला चिकटून, एक चुणी नाही. म्हटलं, जिंकलं! संध्याकाळी भाकरी झाल्यावर अंतरपाटाचं कापड निवांत फ्रेमला लावून ठेवलं. सकाळी आमचा सोनू शाळेत, विरेश कामावर गेल्यावर मशीन सुरू केली. आणि जे झालं ते पिशवीत आहे. पहिल्यापेक्षा वाईट. दुपारचा तुकडाही ठेवलाय, शेजारी धरून बघा. तेच कापड, तोच दोरा, तीच मी.

मला तर वाटायला लागलंय, मशीनला कळतंय की हा अंतरपाट आहे.

काल अमरनाथमामांनी तयार अंतरपाटाचे फोटो पाठवले, मोर, कळस, सनई, सगळं एकाच कापडावर. सासूबाई फोन लांब धरून बघत होत्या. म्हटलं, आवडला का? म्हणाल्या, "लई गर्दी झाली." त्यावरून मी काय समजायचं?

आणि खडू मी वापरतच नाही, निळ्या पेनानं खूण करते. तुम्हाला चष्मा बदलायला हवा.

शिवप्रिया


मुरूम
२४ जानेवारी २०२५

चि. शिवप्रियास आशीर्वाद.

चष्मा मागच्याच महिन्यात बदललाय.

दोन्ही तुकडे खिडकीत शेजारी शेजारी धरून बघितले. दुपारचा नंदी माझ्या हातचा वाटावा असा आहे, हे लिहून देते. सकाळचा का बिघडला ते मला कळलं नाही. पेपर तपासला, तर दुपारच्या तुकड्याखालचा करकरीत आणि सकाळच्याखालचा मऊ, लोळागोळा झालेला. एकाच गठ्ठ्यातला म्हणतेस. मला वाटतं तुझी खोली दमट असेल, रात्रभरात पेपरनं ओल धरली असेल.

म्हणून वेगळा उपाय. सोबत पातळ, काचेसारखा दिसणारा पेपर पाठवतेय. हा पाण्यात विरघळतो. तो कापडाखाली लाव. भरताना घट्ट धरून ठेवतो आणि काम झालं की ओल्या फडक्यानं टिपला की नाहीसा होतो. मी आधीच द्यायला हवा होता, कारण अंतरपाटाला उलटी बाजू नसतेच. एका बाजूनं नवरी बघणार, दुसऱ्या बाजूनं नवरा. नवऱ्याच्या डोळ्यांसमोर पेपरच्या चिंध्या लोंबल्या तर तो मंगलाष्टकं संपेपर्यंत दुसरं काय बघणार?

मात्र एक लक्षात ठेव. काम पूर्ण होईपर्यंत त्याला पाणी लागता कामा नये. भांडी घासून आलेला हातसुद्धा नको. फ्रेम उंचावर ठेव, भिंतीपासून लांब. घरात सगळ्यांना सांगून ठेव.

आणि फ्रेम जिथं मशीनला बसते तिथला स्क्रू हलवून बघ, ढिला असला तर सगळीच रेघ सरकते. पण तो ढिला असता तर दुपारचा नंदी आला नसता, हे मलाही कळतं. तरी बघ.

'लई गर्दी झाली' म्हणाल्या ना? मला तर बरं वाटलं ऐकून.

आत्या


येडशी
२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास शरणार्थ.

पिशवीत कापड आहे. जास्त लिहीत नाही.

मी सगळं सांगितलंत तसं केलं. स्क्रू घट्ट आहे. फ्रेम रात्री कपाटावर ठेवली. खोलीत ओल नाही, विरेशनी भिंतीला हात लावून बघितलं. घरातल्या प्रत्येकाला विचारलं, याला कुणी पाणी लावलं का? सोनूनं शपथ घेतली. शिवानी म्हणाली, "वहिनी, मी कशाला लावीन, माझंच लग्न आहे." सासूबाई म्हणाल्या, "पाणी? मी सांगितलंय ना, थेंब लागायला नको म्हून. मीच कशी लावीन?" आणि त्या खोटं बोलत नाहीत, हे मला माहीत आहे.

नंदीचं डोकं ठीक आलं, पाय ठीक आले, मधलं अंग फाटल्यासारखं झालं. काळी रेघ त्यातून वाट चुकल्यासारखी गेलीय. मशीन मध्येच अडकली, दोरा गोळा झाला, कापडाला भोक पडलं.

मी मामांना फोन केला आणि म्हटलं, तयार घेऊन या. ते म्हणाले, "मी म्हणत नव्हतो?" सासूबाई तिथंच शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या 'बघू' म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं मला.

मशीनवर चादर घातलीय. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. शिकवण्यात तुमची कसूर नाही.

शिवप्रिया


मुरूम
७ फेब्रुवारी २०२५

सौ. महानंदा विहीणबाईंना उमादेवीचा शरणार्थ.

पत्र तुमच्या नावानं बघून तुम्ही चकित व्हाल. शिवप्रियाचं पत्र यात नाही, हे फक्त तुमच्यासाठी आहे. तिला दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तिनं पाठवलेलं कापड माझ्या मांडीवर आहे. त्याच्याखाली मी पाठवलेला काचेसारखा पेपर आहे. बाकी सगळीकडं तो जसाच्या तसा आहे, फक्त नंदीच्या अंगावर तीन आडव्या पट्ट्यांत तो गायब आहे. वर एक, मध्ये एक, खाली एक. दोन पट्ट्यांमधलं अंतर दोन बोटांमध्ये असतं तेवढं. मी माझी तीन बोटं त्यावर ठेवली, बरोबर बसली.

मग आधीचे दोन्ही बिघडलेले तुकडे काढले. त्यावर मला खडू वाटला होता, तो नखानं खरवडून जिभेला लावला. विहीणबाई, ती विभूती आहे.

भिंतीची ओल तीन बोटं ओढत नाही. मशीन तर नाहीच नाही. असं काम करणारा हात आपल्या घरातलाच असतो. माझी आई दाराच्या चौकटीला, धान्याच्या कणगीला, नव्या पाट्या-वरवंट्याला असंच लावायची. सकाळची लिंगपूजा झाली की तळहातावरचं तीर्थ तोंडात, आणि विभूती लागलेल्या त्याच ओल्या बोटांनी घरात जे नवं असेल त्याला.

म्हणून विचारते. पूजा झाल्यावर तुम्ही तीर्थ कुठं कुठं लावता?

रागावू नका. मी मुलीकडची, मला असं विचारायचा अधिकार नाही. पण तुमची सून समजतेय की तुम्ही अंगणात उठून जाता ते मशीन आवडत नाही म्हणून, तिच्या हाताला यश नाही, आणि मशीनवर चादर घालून बसलीय. ते मला बघवेना.

उमादेवी


येडशी
१२ फेब्रुवारी २०२५

सौ. उमादेवी विहीणबाईस महानंदाचा शरणार्थ.

तुमचं पत्र पावलं. मला लिवायची सवय न्हाय, सातवीनंतर पेन धरला तो दुधाच्या हिशोबालाच. शुद्ध-अशुद्ध बघू नका.

व्हय, मीच लावलं. पन पाणी न्हाय लावलं. तीर्थाला पाणी म्हणायला मी काय येडी हाय का? तिनं इचारलं पाणी लावलं का, म्या सांगितलं न्हाय. तिनं तीर्थ लावलं का इचारलं असतं तर व्हय म्हणले असते. त्यात चोरी कसली?

कपाटावर ठिवलं होतं तर पाटावर पाट ठिवून चढले. गुडघा अजून दुखतोय, ते तुमच्या पेपराला सांगा.

तुमी लिवलंय की सुनेला वाटतं, मला मशीन आवडत न्हाय. हे वाचून मला लई नवल वाटलं. मी अंगणात जाते ती कामून जाते? ती सुई कशी पळती बघितलंय ना तुमी. मी दारात हुबी राह्यले की ती मान वर करती, मला म्हणती, आत्याबाई, काय पायजे? मान वर केली आन् बोट सुईखाली गेलं म्हंजी? आमच्या चुलत जावंच्या नखात शिलाई मशीनवर सुई घुसलेली म्या बघितली हाय. म्हून मी उठून जाते. आन् ती उठायच्या आधी, पूजा झाली की, फ्रेमवर तीर्थाची बोटं वडते. पोरीला यश यावं, बोट नीट ऱ्हावं. आन् तिकडं नंदीच हाय, त्याला विभूती लावायची न्हाय तर कुणाला लावायची?

पयला नंदी बिगडला तवा मला वाटलं माझी बोटं हालकी वडली गेली. दुसऱ्याला जरा जास्त तीर्थ घेतलं. तिसऱ्याला तर पेलाभर. आता तुमीच हसा.

ते गर्दीचं पुण्याचं मला पसंत न्हाय. माझ्या पोरीच्या आन् जावयाच्या मधी माझ्या सुनंच्या हातचा पायजे. हे तिला बोलले न्हाय, कारण आदी बोललं आन् मंग न्हाय झालं, तर तिला टोचत ऱ्हातं. म्हून बघू म्हणले. बघू म्हंजी व्हय. आमच्या घरात समद्यांना ठाऊक हाय.

पत्र तिला वाचाय दिलं. वाचता वाचता आदी रडली, मंग जमिनीवर बसून अशी हसली की सोनू घाबरला. चादर मीच काढली.

पन एक सांगून ठिवते. तीर्थ लावल्याबिगर अंतरपाट धरायचा न्हाय. त्यात बदल व्हनार न्हाय. तुमी पेपरवाल्या हाव, तुमीच वाट काढा.

महानंदा


मुरूम
१६ फेब्रुवारी २०२५

चि. शिवप्रियास आणि सौ. विहीणबाईंना एकत्रच लिहिते, आता लपवण्यासारखं काही उरलं नाही.

विहीणबाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि शेजारणीलाही वाचून दाखवलं. पाटावर पाट ठेवून चढलात, तिथं दोघींना ठसका लागला. गुडघ्याला तिळाचं तेल कोमट करून लावा.

आता वाट. ती तुमच्याच बोलण्यात आहे. तुम्ही म्हणता तीर्थ म्हणजे पाणी नाही. मान्य. मग अंतरपाटाला पाण्याचा थेंब लागायचा नाही, हाही तुमचाच नियम राहू द्या. पण तीर्थ लागायला तुमची हरकत नाही ना? मग बोटानं कशाला? अख्खंच लागू द्या. पूजा झाली की घमेल्यातल्या पाण्यात तीर्थ मिसळा, सगळ्याचं तीर्थ होतं, हे तर आपल्या मठातल्या स्वामींनीच सांगितलंय. त्यात अख्खं कापड बुडवा, न पिळता सावलीत वाळवा. कापड आकसायचं तेवढं आकसून घेईल. शिवप्रिया, मी पहिल्या पत्रात सांगितलं होतं तेच हे, फक्त बादलीच्या जागी घमेलं आलं.

मग कोरडं कापड फ्रेमला लाव. त्याच दिवशी लाव, त्याच दिवशी भर, रात्रभर ठेवायचं नाही. काचेचा पेपर परत पाठवतेय.

आणि विहीणबाई, काम पूर्ण झालं की तो पेपर घालवायला ओलाच हात लागतो. सुनेनं ओलं फडकं घेण्यापेक्षा तुम्ही तीर्थाची बोटं ओढा. जितकी ओढाल तितका पेपर जाईल. तुमचा हात चुकीचा नव्हता, फक्त लवकर पडत होता.

कळवा काय झालं ते. मला झोप लागणार नाही.

आत्या


येडशी
२१ फेब्रुवारी २०२५

आत्या, शरणार्थ!

झाला! नंदी झाला!

दुपारी सगळं भरून झालं. रेघ अशी बसलीय की सुईचं टोक घालायला फट नाही. सासूबाईंना हाक मारली. आंघोळ करून, पूजा परत मांडून आल्या. म्हटलं, आत्याबाई, आता लावा. तर हात पुढं होईना त्यांचा. म्हणाल्या, "परत फाटलं तर?" मी म्हटलं, नाही फाटत. "तुझी आत्या बरोबर सांगती ना?" मी म्हटलं, आत्याचं माहीत नाही, पण मी बघितलंय एका तुकड्यावर. मग त्यांनी तीन बोटं ओढली. एकदा, दोनदा. पेपर चिकट होऊन नाहीसा झाला आणि खालून उलट्या बाजूचा नंदी दिसायला लागला, त्याच तोंडाचा, फक्त उलटीकडं बघणारा. त्या कितीतरी वेळ कापड फिरवून फिरवून बघत होत्या, इकडून बैल तिकडं बघतोय, तिकडून इकडं. नावं वेगळ्या पट्ट्यांवर भरून दोन्हीकडून शिवलीत, म्हणजे कुठूनही सरळच वाचता येतात.

मामांना फोन केला, आणू नका म्हणून. ते म्हणाले, "आता कुरिअर निघालं."

शिवप्रिया


येडशी
६ मार्च २०२५

ती. आत्यास शरणार्थ.

तुम्ही लग्नाला आलात, सगळं बघितलंत, तरी पत्र मागता. कानामुळं मंगलाष्टकं ऐकू आली नाहीत, म्हणून बघितलेलं परत वाचायचंय म्हणता. लिहिते.

अंतरपाट धरला तेव्हा तुम्ही पुढच्या रांगेत होतात, म्हणून मागचं तुम्हाला दिसलं नाही. समर्थकडच्या बायका त्यांच्या बाजूनं वाकून बघत होत्या. एक जण म्हणाली, "यांनी आमच्या बाजूलाच सुलटी बाजू केलीय, मोठ्या मनाची माणसं आहेत." आणि आमच्या बाजूच्या एक काकू म्हणाल्या, सुलटी आपल्याकडं आहे. दोघी जवळजवळ भांडायच्या बेतात होत्या. सासूबाई मध्ये उभ्या. नुसत्या खुश. अक्षता पडायला लागल्या, अंतरपाट खाली आला, सगळ्यांनी नवरा-नवरीकडं बघितलं. सासूबाईंनी आधी कापड धरणाऱ्यांच्या हातातून अंतरपाट घेतला, चार घड्या केल्या, काखेत धरला, आणि मग लेकीकडं बघितलं. शिवानी परवा माहेरी आली, तेव्हा त्यावरून त्यांना चिडवत होती.

मामांचा अंतरपाट रुखवताच्या टेबलावर अंथरला होता. मामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "हा पण अंतरपाटच आहे."

अंतरपाट शिवानी घेऊन गेली. इथं आता वेगळंच संकट आहे. तेरहून दोन लग्नांची मागणी आलीय. मी काल मशीन सुरू केली, तर सासूबाई अंगणात गेल्या नाहीत. पाट घेऊन आत आल्या, माझ्यापासून हातभर लांब बसल्या. म्हणाल्या, "मान वर करायची न्हाय. मी हाय असं समजूच नको." आणि मग सुरू झाल्या. हा दोरा बदलला कामून, तो खालचा गोल डबा कशाचा, ती मधीच थांबली ती दमली का. दोन पानं व्हायच्या आत दहा प्रश्न. मी मान वर न करता सगळ्यांची उत्तरं दिली. आजही आल्या. आता हे पत्र लिहितेय तर पलीकडून वाचायचा प्रयत्न चाललाय, चष्मा नाही म्हणून जमत नाहीये. कागद दे म्हणतायत. देते.

विहीणबाईस शरणार्थ. मशीन लई वरडती. कान दुकतो. पन इथं बसवतं. महानंदा.